हर्मिट ते ब्राइट एंजल : ग्रँड कॅन्यनच्या पोटातील चार दिवसांच्या मार्गदर्शित पदभ्रमणाची तयारी आणि वाटचाल

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात असलेल्या ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरून दरी पाहून परतणारे मराठी पर्यटक आता पुष्कळ आहेत. पाठीवर सॅक घेऊन, वाटाड्याच्या सोबतीने दरीच्या पोटात तीन रात्री मुक्काम करून पुन्हा काठावर येणारे मात्र थोडे आहेत. ज्यांनी सह्याद्रीत बऱ्यापैकी भटकंती केली आहे आणि ज्यांना हा अनुभव घ्यावासा वाटतो, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरण म्हणून हर्मिट ट्रेलने उतरून, टोंटो ट्रेलने आडवे जाऊन ब्राइट एंजल ट्रेलने वर येण्याचा मार्ग घेतला आहे. जोडवाटा सोडून तो सुमारे ४३ ते ४५ किलोमीटर भरतो आणि अनेक मार्गदर्शक संस्था तो ‘कष्टप्रद’ या श्रेणीत ठेवतात. ही श्रेणी गांभीर्याने घ्यावी.

या प्रवासाची आखणी शेवटच्या दिवसापासून उलट करावी लागते. डोंगरावर आपण आधी चढतो आणि मग उतरतो, त्यामुळे थकलेला माणूस अर्ध्यावरून माघारी फिरला तरी त्याच्या वाट्याला उतारच येतो. दरीत याच्या नेमके उलट घडते. पहिल्या दिवशी पाय ताजे असतात, सकाळची हवा गार असते आणि वाट उतरणीची असते, म्हणून आपण झपाझप खाली जातो. चढण मात्र अखेरीस, थकलेल्या पायांनी करायची असते आणि तिला पर्याय नसतो. या राष्ट्रीय उद्यानात दरवर्षी शेकडो लोकांची सुटका करावी लागते, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. सॅकचे वजन, पाण्याचा साठा, निघण्याची वेळ आणि आधीचा सराव यांबाबतचा प्रत्येक निर्णय घेताना ‘याने परतीची चढण सोपी होईल की अवघड?’ हा प्रश्न विचारावा.

ऋतू आणि परवाना

मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, हे दोन कालखंड सर्वांत सोयीचे आहेत. काठाची उंची २,००० मीटरच्या वर असल्याने हिवाळ्यात वरच्या वळणांवर बर्फ गोठतो आणि बुटांना लोखंडी काटे लावावे लागतात. जून ते ऑगस्टमध्ये दरीच्या तळाशी सावलीतही तापमान ४० अंश सेल्सियसच्या पुढे जाते. काठ आणि तळ यांच्या तापमानात साधारण ११ अंशांचा फरक असतो, त्यामुळे वर आल्हाददायक वाटणाऱ्या हवेवरून खालचा अंदाज बांधू नये. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वादळी पावसाचा हंगाम असतो. आपल्या डोक्यावर आकाश निरभ्र असतानाही वरच्या अंगाला पडलेल्या पावसाने कोरड्या ओढ्याला काही मिनिटांत लोंढा येऊ शकतो. उन्हाळी सुट्टीत मुलाबाळांना भेटायला अमेरिकेत जाणाऱ्यांनी ‘आलोच आहोत तर उरकून घेऊ’ या विचाराने जूनमध्ये ही मोहीम ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काठाखाली मुक्काम करण्यासाठी उद्यानाचा परवाना अनिवार्य असतो. मुक्कामांच्या जागा आणि तारखा त्यावर नमूद असतात आणि मोठ्या गटालाही ११ माणसांची मर्यादा असते. लोकप्रिय महिन्यांत मागणी उपलब्ध जागांपेक्षा कितीतरी अधिक असल्यामुळे अर्ज काही महिने आधी, सोडत पद्धतीने करावा लागतो. मार्गदर्शित सहलीत ही जबाबदारी संस्था घेते, परंतु त्यामुळे तारखा ठरलेल्या असतात आणि त्या आपल्या सोयीने बदलत नाहीत. सहा ते आठ महिने आधी नोंदणी केल्यास व्हिसा, रजा, विमानतिकीट आणि सराव या सगळ्यांना पुरेसा अवधी मिळतो.

वाटाड्या कोणता आणि कशासाठी

हर्मिट आणि टोंटो या वाटांवर नियमित देखभाल नसते. दगडांच्या दरडी पडलेल्या असतात, काही ठिकाणी वाट शोधावी लागते आणि पाण्याच्या जागा मोजक्याच आहेत. म्हणूनच उद्यानाने हा भाग वर्दळीच्या मुख्य वाटांपेक्षा वरच्या, म्हणजे पूर्वानुभव असणाऱ्यांसाठीच्या श्रेणीत ठेवला आहे. वाळवंटात प्रथमच जाणाऱ्याने येथे मार्गदर्शक घ्यावा. मात्र हा मार्गदर्शक हिमालयातील सहलींप्रमाणे हमाल किंवा खेचरे घेऊन येत नाही. आपली सॅक आपणच वाहायची असते, शिवाय सामाईक तंबू, भांडी आणि अन्न यांतील एक वाटाही आपल्या पाठीवर येतो. आपण पैसे मोजतो ते त्याच्या निर्णयक्षमतेसाठी.

नोंदणीपूर्वी संस्थेला काही गोष्टी लेखी विचाराव्यात. तिला राष्ट्रीय उद्यान सेवेची अधिकृत परवानगी आहे का, हे पहिले. अशा संस्थांची यादी उद्यानाच्या संकेतस्थळावर असते. मार्गदर्शकाने दुर्गम भागातील प्रथमोपचाराचे, ‘वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर’ पातळीचे, प्रशिक्षण घेतले आहे का, त्याच्याकडे उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे साधन असते का, सामाईक सामान धरून सॅकचे वजन किती होईल, तीव्र उष्णतेचा इशारा आल्यास कार्यक्रम कसा बदलतो आणि एखादा सदस्य आजारी पडल्यास उरलेल्या गटाचे काय होते, हेही समजून घ्यावे. चांगली संस्था आपल्यालाही उलट प्रश्न विचारते. वय, औषधे, गुडघ्यांचा इतिहास, पूर्वीचे ट्रेक यांबद्दल एकही चौकशी न करता पैसे भरून घेणारी संस्था टाळावी. उद्यानाच्या ना-नफा सहयोगी संस्थेची, ग्रँड कॅन्यन कन्झर्व्हन्सीची, ‘फील्ड इन्स्टिट्यूट’ ही शाखा भूगर्भशास्त्र किंवा इतिहासाच्या अभ्यासासह अशा सहली आयोजित करते. ज्यांना नुसते चालण्यापेक्षा समजून घेत चालायचे आहे, त्यांनी तो पर्याय जरूर पाहावा.

दरीत मोबाइलला संपर्क जवळपास नसतोच. वैद्यकीय हेलिकॉप्टर आणि अमेरिकेतील रुग्णालय यांचा खर्च प्रचंड असतो, म्हणून प्रवासविमा घेताना त्यात पदभ्रमण आणि आपत्कालीन स्थलांतर यांचा स्पष्ट समावेश आहे, हे वाचून खात्री करावी.

सराव : उतरण्याचा आणि वजनाचा

शेवटच्या दिवशीची चढण सुमारे ९३० मीटरची आहे. बारी गावातून कळसूबाईचे शिखर गाठताना जवळपास तेवढीच उंची चढावी लागते, म्हणून महाराष्ट्रातील ट्रेकरला चाचणी घरच्या अंगणातच उपलब्ध आहे. पाठीवर १२ ते १४ किलो वजन घेऊन, मधे फार न रेंगाळता कळसूबाई चढता-उतरता आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चार-पाच तास चालण्याची तयारी राहिली, तर शरीर योग्य मार्गावर आहे असे समजावे. ते जमले नाही, तर मोहीम एक हंगाम पुढे ढकलावी. वाटेत कोणी आपल्याला उचलून नेणार नाही.

बारा ते सोळा आठवड्यांचा सराव पुरेसा होतो. त्यात सर्वाधिक दुर्लक्ष उतरण्याच्या सरावाकडे होते. पहिल्याच दिवशी १,१०० मीटरहून अधिक उतरायचे असल्याने मांड्यांचे स्नायू ताणलेल्या स्थितीत तासन्‌तास भार झेलतात, आणि ज्यांनी याचा सराव केलेला नाही त्यांना दुसऱ्या सकाळी तंबूतून बाहेर येणेही जड जाते. पुणेकरांनी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड भार घेऊन चढावा आणि तसाच भार घेऊन उतरावा. पाण्याच्या बाटल्या वर रिकाम्या करून हलक्या सॅकने उतरण्याची सवय येथे उपयोगाची नाही. मुंबईकरांना उंच इमारतींचे जिने आहेत. राजगड–तोरणा यांसारखा लांब पल्ल्याचा ट्रेक एकदा तरी मुक्कामासह करावा, कारण सलग दिवस चालण्याची सवय जिन्यांनी लागत नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांनी जवळच्या टेकडीवर आठवड्यातून दोनदा हेच करावे. व्यायामशाळेतील ट्रेडमिल उताराचा पर्याय ठरू शकत नाही.

मोहिमेआधी किमान एक पूर्ण दिवस काठावर काढणे हिताचे असते. काठ कळसूबाईच्या शिखरापेक्षाही सुमारे चारशे मीटर उंच आहे, आणि भारतातून येणाऱ्यांच्या शरीराला बारा तासांहून अधिक कालभेदाशीही जुळवून घ्यायचे असते.

सामान

तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट आणि सॅक बहुतेक संस्था देतात किंवा भाड्याने पुरवतात. भारतातून ओझे वाहून नेण्यापेक्षा तेच घ्यावे. बूट मात्र स्वतःचे, किमान दोन महिने वापरलेले आणि पुढे बोटांना मोकळीक देणारे असावेत. उतरताना बोटे पुढे आदळतात, म्हणून निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी पायांची नखे बारीक कापावीत. ही सूचना क्षुल्लक वाटते, पण काळीनिळी पडलेली नखे ही या वाटेवरील अगदी नेहमीची दुखापत आहे. चालण्याच्या काठ्या दोन घ्याव्यात.

सह्याद्रीत सुती कपडे टाळायला सांगतात, कारण ते भिजले की वाळत नाहीत. उष्ण, कोरड्या दरीत नेमका हाच गुण कामाला येतो : ओढ्यात भिजवलेला लांब बाह्यांचा सुती सदरा अंगावर हळूहळू वाळताना शरीर गार ठेवतो. रात्रीसाठी आणि थंडीच्या महिन्यांसाठी अर्थातच लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे हवेत. रुंद कडांची टोपी, गॉगल, ओठांचे मलम, हेडटॉर्च, फोडांसाठी चिकटपट्टी, स्वतःची औषधे आणि एकूण किमान चार लिटर पाणी मावेल अशा बाटल्या किंवा पिशव्या, एवढे पक्के ठेवून उरलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल शंका घ्यावी. पाण्याचेच चार किलो होतात. सर्व मिळून वजन शरीराच्या वजनाच्या पाव भागापेक्षा जास्त होऊ नये, पंचमांश असल्यास उत्तम.

अन्न संस्था देते आणि शाकाहारी असल्याचे आधी कळवल्यास सोय होते. तरीही गोड चॉकलेटी वड्यांना तिसऱ्या दिवशी तोंड विटते, म्हणून खारे शेंगदाणे, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, मेतकूट, कोरडी लसणाची चटणी जवळ ठेवावी. भारतातून आणलेले खाद्यपदार्थ विमानतळावरील सीमाशुल्क अर्जात न चुकता नमूद करावेत.

पहिला दिवस : हर्मिट ट्रेलने खाली

हर्मिट्स रेस्ट येथून, सुमारे २,०२० मीटर उंचीवरून, वाट सुटते. सँटा फे रेल्वे कंपनीने १९११–१२ च्या सुमारास ती पर्यटकांसाठी बांधून घेतली. वरच्या भागातील दगडी फरसबंदीचे तुकडे त्या वैभवाची साक्ष देतात. खाली कंपनीचे हर्मिट कॅम्प हे विश्रामस्थान होते आणि १९३० पर्यंत ते चालू होते. उजाडताच निघावे. सुरुवातीच्या कोकोनिनो वालुकाश्मात प्राचीन प्राण्यांच्या पावलांचे ठसे आहेत. मार्गदर्शकाला ते दाखवायला सांगावे, कारण एकट्याच्या नजरेतून ते हमखास सुटतात.

साधारण चार किलोमीटरवर सांता मारिया झरा आणि जुना निवारा लागतो. येथील बारीक धारेचे पाणी गाळून व शुद्ध करूनच प्यावे. पुढे सुपाई थरांमध्ये पडलेल्या दरडींवरून चालताना वेग आपोआप मंदावतो. घाई करू नये. लालसर चुनखडीचा उभा कडा ‘कॅथीड्रल स्टेअर्स’ नावाच्या नागमोडी वळणांनी उतरावा लागतो. येथे घसारा आहे, गुडघे थकलेले आहेत आणि ऊन वर आलेले आहे, त्यामुळे पाऊल आखूड टाकावे, काठ्या थोड्या लांब कराव्यात आणि दर अर्ध्या तासाला सॅक उतरवावी. हर्मिट ओढ्यावरील मुक्कामाला पोहोचेपर्यंत सुमारे १३ किलोमीटर झालेले असतात. ओढा बारमाही आहे. पोहोचल्यावर आधी बूट काढून पाय पाण्यात सोडावेत, मग तंबूकडे वळावे.

दुसरा दिवस : नदी आणि छोटी आडवी चाल

हा दिवस मुद्दाम हलका ठेवलेला असतो. सकाळी सॅक तळावर ठेवून ओढ्याच्या काठाने सुमारे अडीच किलोमीटरवरील हर्मिट रॅपिडपर्यंत जाता येते. कोलोरॅडो नदीत पोहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. १९६३ मध्ये वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरणाने नदी अडवल्यापासून जलाशयाच्या खोल थरांतले पाणी सोडले जाते, त्यामुळे ते उन्हाळ्यातही अतिशय थंड असते, आणि प्रवाहाचा जोर काठावरून जाणवत नाही. नदीचे गढूळ पाणी प्यायचे झाल्यास ते आधी निवळू द्यावे लागते, नाहीतर गाळणी तुंबते. यासाठी येथील नावाडी बादलीत तुरटी फिरवतात, हे पाहून मराठी माणसाला जुन्या स्वयंपाकघराची आठवण होणे साहजिक आहे. निवळलेले पाणीही पुढे शुद्ध करावेच लागते.

दुपारचे ऊन ओढ्याकाठी सावलीत घालवून, चारनंतर मॉन्युमेंट ओढ्याकडे निघावे. हे अंतर सहा किलोमीटरांच्या आसपास आहे. टोंटोची वाट सह्याद्रीतल्या कड्यांच्या पदरातून जावी तशी, वरचे कडे आणि खालची खोल नाळ यांच्यामधल्या सपाटीवरून जाते. प्रत्येक उपदरी ओलांडण्यासाठी आत वळून पुन्हा बाहेर यावे लागते, म्हणून समोर दिसणारे ठिकाण दिसते त्यापेक्षा कितीतरी दूर असते. मुक्कामाजवळ वालुकाश्माचा सुळका उभा आहे. त्यावरूनच ओढ्याचे नाव पडले.

तिसरा दिवस : पाण्याशिवायचा लांब पल्ला

या मोहिमेतील खरी परीक्षा हीच आहे. मॉन्युमेंट ओढ्यापासून हवासुपाई गार्डन्सपर्यंत १७ किलोमीटरांच्या आसपास अंतर आहे, चढउतार बेताचे आहेत, पण सावली नाही आणि विश्वासार्ह पाणीही नाही. मधल्या सॉल्ट ओढ्याचे पाणी क्षारांनी भरलेले असते. हॉर्न ओढ्याचे पाणी काठाजवळील जुन्या ऑर्फन खाणीतील युरेनियममुळे किरणोत्सारी झाले आहे. उकळून किंवा गाळून हा दोष जात नाही, म्हणून तेथे वाहते पाणी दिसले तरी ते घेऊ नये. सर्व पाणी सकाळीच भरून, अंधारात हेडटॉर्चच्या उजेडात निघावे आणि दहाच्या आत जास्तीत जास्त अंतर कापावे. उष्ण दिवसांत सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात चालू नये, ही उद्यानाची सूचना येथे तंतोतंत लागू पडते. एखाद्या कपारीच्या सावलीत थांबून उरलेली चाल संध्याकाळी पूर्ण करावी.

पाणी पिण्याबद्दल एक गोष्ट विशेष सांगायला हवी. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट उन्हात घामाने सदरा चिंब होतो आणि शरीर पाणी गमावत आहे हे कळते. येथील कोरड्या हवेत घाम फुटताच उडून जातो, त्यामुळे आपण घामाघूम झालो आहोत हे लक्षातच येत नाही. तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागते. परंतु केवळ पाणी पीत राहून काही खाल्ले नाही, तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखे वागणे आणि वारंवार, पाण्यासारखी लघवी ही त्याची लक्षणे होत. उष्माघाताशी त्यांचे साम्य असल्याने अननुभवी सोबती आणखी पाणी पाजतात आणि प्रकृती बिघडवतात. म्हणून प्रत्येक वेळी पाण्यासोबत काहीतरी खारट खावे, आणि बरे वाटत नसल्यास संकोच न करता मार्गदर्शकाला लगेच सांगावे. ‘गटाला माझ्यामुळे उशीर नको’ हा आपला भिडस्तपणा येथे घातक ठरतो.

हवासुपाई गार्डन्स म्हणजे कॉटनवुड वृक्षांची दाट सावली. येथे हवासुपाई लोकांची वस्ती आणि शेती होती. १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर त्यांच्यावर जागा सोडण्याची सक्ती झाली आणि अखेरच्या रहिवाशाला १९२८ मध्ये घालवून देण्यात आले. २०२२ मध्ये जुने नाव बदलून त्या लोकांचे नाव या जागेला देण्यात आले. नळाचे पाणी सहसा मिळते, तथापि दरीतून जाणारी जलवाहिनी वारंवार फुटते, म्हणून शुद्धीकरणाचे साधन जवळ ठेवावेच.

मुक्कामाच्या शिस्तीबद्दल थोडे येथेच सांगतो, कारण तिन्ही रात्री ती सारखीच आहे. शेकोटी पूर्णतः निषिद्ध आहे. स्वयंपाक गॅसच्या शेगडीवरच होतो. अन्न आणि वास येणारी प्रत्येक वस्तू उंदीर-खारींपासून सुरक्षित, लोखंडी पेटीत किंवा जाळीच्या पिशवीत ठेवावी आणि सॅकचे कप्पे उघडे ठेवून ती टांगावी, नाहीतर खारी कापड कुरतडतात. विंचू बुटांत शिरतात, म्हणून सकाळी बूट झटकूनच घालावेत. शौचालय नसेल तेथे पाण्यापासून ६० मीटर दूर, १५ सेंटिमीटर खोल खड्डा करावा; वापरलेला कागद पुरायचा नसतो, तो पिशवीत घालून वर आणायचा असतो.

चौथा दिवस : वर

सात किलोमीटरांहून किंचित अधिक अंतर, ९३० मीटर चढ. पहाटे चारला निघाल्यास वरची बरीच वळणे सावलीत पार होतात. सुरुवातीलाच दमाने, बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे. पहिल्या तासात पुढे धावणारा माणूस ‘जेकब्ज लॅडर’च्या वळणांवर मागे पडलेला हमखास दिसतो. काठापासून तीन आणि दीड मैलांवर दोन निवारे आहेत, तेथील नळ हिवाळ्यात बंद असतात. खेचरांचा तांडा आल्यास वाटेच्या डोंगराकडच्या बाजूस स्तब्ध उभे राहावे आणि हाकणाऱ्याची सूचना पाळावी. काठाच्या जवळ येताच खाली उतरणाऱ्या दिवसभराच्या पर्यटकांची गर्दी लागते. चढणाऱ्याला वाट देण्याचा संकेत असला, तरी सर्वांना तो ठाऊक नसतो.

काठावर पोहोचल्यावर आधी खारट काहीतरी खाऊन सावलीत बसावे, संस्थेचे सामान झटकून परत करावे आणि मार्गदर्शकाला तेथील रिवाजाप्रमाणे टीप द्यावी. गाडी हर्मिट्स रेस्टला ठेवली असल्यास ती आणण्याची व्यवस्था मार्गदर्शकाशी आधीच ठरवलेली असावी, कारण त्या रस्त्यावर मार्च ते नोव्हेंबर खाजगी गाड्यांना सर्वसाधारण प्रवेश नसतो आणि उद्यानाच्या बसवर अवलंबून राहावे लागते. फिनिक्सपर्यंतचा साडेतीन तासांचा मोटारप्रवास आणि परतीचे विमान त्याच दिवशी ठेवू नये; एक रात्र काठावर किंवा फ्लॅगस्टाफला काढावी आणि गाडी, शक्य असेल तर, या मोहिमेत न चाललेल्या माणसाने चालवावी.